काळी जीभ

दर वर्षी नवं कॅलेंडर घरात आलं की आप्पा आधी त्याची पानं उलटी करायचे. मागच्या बाजूला राशीभविष्य छापलेलं असायचं, त्यावर ते कोरा कागद चिकटवायचे. आई वाटीत भाताची खळ करून द्यायची आणि आप्पा ती दोन बोटांनी कडेपर्यंत सारवायचे. बारा महिने, बारा कागद. शेजारी गाड्यांचं वेळापत्रक असे आणि खाली कसल्याशा वड्यांची कृती, त्यांना मात्र ते धक्का लागू द्यायचे नाहीत. खळ वाळली की पानं कडक व्हायची आणि वाऱ्यावर कॅलेंडर पापडासारखं वाजायचं. आप्पा ड्यूटीवर गेले की मी आणि मिलिंद ते खिडकीत धरून कागदाच्या आरपार वाचायचो. आमची रास कुणालाच माहीत नव्हती, कारण जन्मवेळ कुणी लिहून ठेवलीच नव्हती. मिलिंदनं स्वतःसाठी सिंह घेतली होती, मला कन्या दिली होती. त्याच्या वाट्याला नेहमी प्रवासाचा योग यायचा. "बघ, मी जाणार," असं म्हणून तो उड्या मारायचा.

आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव, अंगारे, भगताकडे जाणं, सगळं एका दिवसात बंद झालं होतं. आप्पा त्या बाबतीत आजोबांच्याही दोन पावलं पुढे होते. मांजर आडवं गेलं तर मुद्दाम त्याच वाटेनं जायचे. ते रेल्वेत चावीवाले होते. कसाऱ्याच्या वर घाटात रोज मैलन्‌मैल रुळातून चालायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या असतील तर हातोड्यानं ठोकून बसवायच्या, कुठे तडा दिसतोय का पाहायचं, हे त्यांचं काम. खांद्याला खाकी पिशवी, तिच्यात जेवणाचा डबा, एक लाल झेंडी आणि एक हिरवी. संध्याकाळी पडवीत पाय सोडून बसले की त्यांना रुळांबद्दल बोलायला आवडायचं. "रूळ तुटायच्या आधी बोलतो," ते सांगायचे. "चांगला रूळ खणखणतो. ज्याच्यात खोट हाय तो बद्द वाजतो. आयकणारा पायजे." मग मिलिंद विचारायचा, "आणि आयकून कोणी गप बसला तर?" आप्पांचं उत्तर ठरलेलं असायचं. "तडा दिसला आनि लाल झेंडी नाय दाखवली, तर गाडी त्यानंच पाडली म्हनायची."

आमची वस्ती शहापूरच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून बरीच आत. वीस-बावीस घरं, मधे विहार, विहारापुढे चिंच. ओढ्यापलीकडे कुणबीवाडा. आमचं दोन तुकडे भात आणि डोंगरउताराच्या वरकस जमिनीत थोडी नाचणी. आई बोलायला तिखट आणि हातानं त्याहून तिखट. तिच्या सुक्या बोंबलाच्या चटणीनं कानातून धूर निघायचा, आणि मिलिंदला ती चटणी दिसली की तो भाकऱ्या मोजायचा बंद व्हायचा. पावसाळ्यात टाकळा-कुर्डूची रानभाजी, बांधावरचे मुठे म्हणजे खेकडे, असं जे हाताला लागेल ते चुलीवर चढायचं. मला त्या घरातलं सगळं अजून ऐकू येतं. पाट्यावरचा वरवंटा, कोंबड्यांची कुरकुर, आणि आप्पांच्या खोकल्याआधी फाटकाची कडी.

मला एक खोड होती. मी बघत बसायचे. शाळेत बाई म्हणायच्या, सुजाताचं लक्ष नसतं, पण लक्ष असायचंच, फक्त फळ्यावर नसायचं. तेरा वर्षांची असेन. शेजारचे बारकूकाका आमच्या अंगणातून विहिरीकडे जायचे, त्यांच्या चपला दाराशी तशाच पडून राहायला लागल्या. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. चालताना ते चिंचेपाशी थांबायचे, पूर्वी कधी थांबत नसत. ओठांना जांभळी झाक होती. हे सगळं मी रोज बघत होते, आणि एके दिवशी जेवताना सहज बोलून गेले, "बारकूकाका भाताच्या झोडणीपरत नाय राहायचे." हौसाकाकी, म्हणजे त्यांचीच बायको, तेव्हा विस्तव न्यायला चुलीशी आलेली होती. आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला. बारकूकाका भात पिवळं व्हायच्या आत गेले.

पुढे थंडी सरताना मी म्हटलं, विहीर शिमग्याआधी आटेल. त्यात काय होतं? दोराला किती गाठी माराव्या लागतात ते पाणी भरणाऱ्या प्रत्येकीला कळत होतं. मी फक्त मोठ्यानं बोलले. विहीर आटली तेव्हा हौसाकाकीनं मला हाताला धरून उजेडात नेलं आणि म्हणाली, "जीब काड बघू." माझ्या जिभेच्या डाव्या कडेला जन्मापासून एक काळसर डाग आहे, मसुराच्या डाळीएवढा. तिनं तो पाहिला आणि माझा हात सोडला. "काली जीब हाय गो पोरीची," ती आईला म्हणाली. "बोलंल ते व्हनार." संध्याकाळपर्यंत ते ओढ्यापलीकडे पोचलं होतं.

आप्पांच्या कानावर गेलं तेव्हा ते पेटलेच. त्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर त्यांनी मला पुढे बोलावलं, बल्बखाली उभं केलं आणि सगळ्या वस्तीसमोर म्हणाले, "जीभ दाखव." मी दाखवली. "बघा. सगळ्यांनी बघा. कोनाच्या गालावर तीळ असतो, हिच्या जिभंवर हाय. एवढाच. आपल्या बापजाद्यांनी ह्याच्यातनं बाहेर काढला आपल्याला, तुमी परत आत कशाला जाता?" ते बरंच बोलले आणि चांगलं बोलले. पण मला दिसत होतं की त्यांच्या शब्दांकडे कुणाचंच लक्ष नाही. माणसं एकामागून एक पुढे येऊन डाग बघत होती. तोवर ती नुसती ऐकीव गोष्ट होती. आप्पांनी ती बल्बखाली नेऊन सगळ्यांना खरी करून दाखवली. अंधश्रद्धा मोडायला गेलेल्या माणसाच्या हातून असंच व्हायचं असतं की काय, कोण जाणे. माझी जीभ अवघडून गेली होती आणि लाळ गळत होती, तेवढं मला आठवतं.

दुसऱ्या दिवसापासून बायका मागच्या दारानं येऊ लागल्या, आप्पांची ड्यूटी बघून. येताना पदरात गुळाचा खडा. काळ्या जिभेच्या माणसाला विचारायचं तर आधी तिचं तोंड गोड करायचं, म्हणजे चांगलंच बाहेर पडतं, असं त्यांच्यात ठरून गेलं होतं. गूळ माझ्या जिभेवर ठेवायच्या, तोही डाव्या बाजूला, डागावर, आणि मग विचारायच्या. म्हैस गाभण राहील का. मुरबाडला दिलेली लेक नांदेल का. पोराला कंपनीत घेतील का. आई शेजारी उभी राहून मला डोळ्यांनी खुणावायची, आणि मी म्हणायचे, हो, होईल. त्या समाधानानं जायच्या. कुणबीवाड्यातल्याही यायच्या. ज्या घरी आम्हाला पाणी वरून ओंजळीत ओतायचे, त्या घरची मोठी सून माझ्या तोंडात बोट घालून गूळ ठेवायची आणि मग तेच बोट आपल्या पदराला पुसायची. आईनं त्यांना एकदाही अडवलं नाही. मी तिला दोष देत नाही. तिच्या ओट्यावर त्या बायका बसल्या, आमच्या तांब्यातून पाणी प्यायल्या, हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होतं.

एकदा आप्पा लवकर आले आणि गूळ पकडला गेला. त्यांनी तो अंगणात फेकला, कोंबड्या दिवसभर त्याला टोचत बसल्या. आईशी ते दोन दिवस बोलले नाहीत. मला मात्र त्यांनी जवळ बसवून घेतलं. "सुजे, तुला जास्ती दिसतं, कारन तू बघतेस. ह्यात जादू नाय. जे दिसतं ते बोलत जा. चांगलं असो, वाईट असो." मी मान डोलावली. पण आप्पा महिन्यातले निम्मे दिवस घाटात असायचे आणि बायका रोज असायच्या. त्यातच माझ्या वर्गातल्या रंजनाला मी थट्टेत म्हटलं, "तू गणितात आपटणार." ती आपटली. तिनं माझ्याशी बोलणं टाकलं, आणि मला मनातून वाटलं की मीच तिला नापास केलं. त्या दिवसापासून मीही माझ्या जिभेला भ्यायला लागले. हे कबूल करायला लाज वाटते. आप्पांची लेक असून मी शेवटी हौसाकाकीचंच ऐकलं. चांगलं असेल तर बोलायचं, वाईट दिसलं तर गिळायचं, असा मी नियम करून घेतला. सतरा वर्षांची होईपर्यंत तो माझ्या इतका अंगवळणी पडला होता की गिळताना कळायचंही नाही.

त्या साली आवणी, म्हणजे भाताची लावणी, लांबली. मिलिंद दहावी होऊन बसला होता, आयटीआयला नंबर लागला होता, महिन्याभरात जायचं होतं. प्रवासाचा योग अखेर आला, असं तो कॅलेंडरकडे बोट दाखवून म्हणायचा. दिवसभर चिखलात, संध्याकाळी बांधाच्या बिळांत हात घालून मुठे पकडायचे, हा त्याचा क्रम. बोटं कापलेली, पायांना चिरा. एका सकाळी मला दिसलं की तो ओट्यावरून उतरताना आडवा होऊन उतरतोय. मग दिसलं की बसल्या बसल्या पोटऱ्या दाबतोय. अंगात थोडी कणकण होती, पण ती आवणीत कुणाला नसते? आई म्हणाली, "वाकून वाकून अंग धरला असंल." दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे लाल होते. डोळे आल्यावर येतं तसं पाणी किंवा चिपडं काहीच नव्हतं, नुसते लाल. आणि रात्रीच्या जेवणात बोंबलाची चटणी होती, त्यानं ती ताटाच्या कडेला सारली.

मी त्या चटणीकडे बघत राहिले. मला पोटातून कळलं की हा दुखणाईत आहे, आणि हे दुखणं साधं नाही. कसं कळलं ते सांगता येणार नाही, बारकूकाकांच्या चपलांसारखंच कळलं. शब्द तोंडापर्यंत आले होते. "आप्पा, मिलिंदला दवाखान्यात न्या." एवढेच बोलायचे होते. आप्पा समोर भाकरी मोडत बसले होते. मी बोलले असते तर त्यांनी त्याच पावली त्याला नेलं असतं, मला खात्री आहे. पण मला वाटलं, मी बोलले की ते खरं होईल. न बोलले तर कदाचित टळेल. मी पाणी प्यायले आणि मिलिंदची चटणी माझ्या ताटात ओढून खाल्ली, म्हणजे आईला दिसू नये. तोही हसला, म्हणाला, "हावरट." मग मधे दोन दिवस त्याचा ताप उतरला. तो परत शेतावर गेला. मी मनात म्हटलं, बघ, गप्प राहिले म्हणून टळलं.

पुढे मी आरोग्यसेविका झाले. डोळखांबकडच्या पाड्यांतून पंचवीसेक वर्षं फिरले. चिखलातून, पायाच्या चिरांतून येणाऱ्या या तापाची लक्षणं आम्हाला एका प्रशिक्षणात फळ्यावर लिहून दिली होती. पोटऱ्या दुखणं. डोळे लाल. मधे ताप उतरून बरं वाटणं. मग कावीळ, लघवी कमी. खाली एक ओळ होती, पहिल्या काही दिवसांत साध्या गोळ्यांनी बहुतेक रोगी बरे होतात. सगळ्याजणी वहीत उतरवून घेत होत्या. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं आणि परत येऊन बसले. त्यानंतर मी पाड्यांवर कुणाची भीड ठेवली नाही. लहान मूल मलूल दिसलं की आईच्या तोंडावर सांगायचे, आजच उचला, उद्या उशीर होईल. बायका मला घाबरायच्या. बाई फार वाईट बोलते, असं माझ्या पाठीमागे म्हणायच्या, आणि पोराला उचलायच्या.

त्या आवणीत, सहाव्या दिवशी मिलिंद पिवळा पडला. तेव्हा मात्र सगळ्यांनाच दिसलं. आप्पांनी जीप केली, आधी शहापूरला नेलं, तिथून लगोलग ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात. दवाखान्यातल्या लोकांनी हातचं काही राखलं नाही, हे लिहिलंच पाहिजे. सलाइनं लागली, रक्त दिलं. त्याची लघवी बंद झाली होती आणि खोकल्यातून लाल पडत होतं. आई खाटेचा पाय धरून खाली बसली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळेला आप्पा मला म्हणाले, "चल जरा बाहेर." आम्ही इमारतीच्या मागे गेलो, जिथे धुतलेल्या चादरी दोरीवर वाळत होत्या. आप्पांच्या खांद्याला तीच खाकी पिशवी होती. त्यांनी तिच्यात हात घातला, दोन्ही झेंड्या बाजूला सारल्या आणि तळातून वर्तमानपत्राची पुडी काढली. पुडीत गुळाचा खडा होता. घरून निघताना त्यांनी तो डब्यातून घेतला असणार, म्हणजे तीन दिवस तो त्यांच्यापाशी होता आणि तीन दिवस त्यांनी धीर धरला होता.

"तोंड उघड," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"आप्पा, तुमीच म्हनता ना, ह्यात काय नसतं."

"नसतंच. पन तू म्हन. मिलिंद बरा होनार, एवढाच म्हन." रोज हातोडा चालवणारा तो हात, पण गूळ माझ्या ओठांना लागला, मग हनुवटीला लागला. "म्हन ना गो बाय."

मी तोंड उघडलं. त्यांनी खडा डाव्या बाजूला ठेवला, डागावर. म्हणजे त्यांना ठाऊक होतं कुठे ठेवतात ते. मी म्हटलं, "मिलिंद बरा होनार." तोपर्यंत लोकांसाठी बोललेल्या शंभर हो-होईलमध्ये मला कधी काही वाटलं नव्हतं. ते एक वाक्य मात्र खोटं आहे हे मला बोलतानाच ठाऊक होतं, कारण आत वॉर्डात मी त्याची निळी पडलेली नखं बघून आले होते. आप्पांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "आनखी एकदा." मी आणखी एकदा म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मिलिंद गेला.

वस्तीत त्याला आणलं तेव्हा पाऊस नव्हता, चिखल होता. वंदना झाली, सगळं आमच्या पद्धतीनं झालं. दवाखान्यामागे मी काय बोलले ते आईला माझ्याकडूनच कळलं होतं, तिनं ते रडता रडता बायकांना सांगितलं, आणि पुढच्या आठ दिवसांत हौसाकाकीनं निकाल दिला, "पोरीची जीब उतरली. सख्ख्या भावाला नाय लागली, ती दुसऱ्याला काय लागनार." त्यानंतर मागच्या दारानं कुणी आलं नाही. ओढ्यापलीकडच्या सुना पुन्हा वरून पाणी ओतायला लागल्या. आईनं आयुष्यभर परत घरात गूळ आणला नाही, चहासुद्धा साखरेचा.

नवं कॅलेंडर त्या वर्षीही आलं. आप्पांनी ते पडवीत पसरलं, मी न सांगता खळ करून आणली. खिडकीत धरून वाचायला आता कुणी नव्हतं, तरी त्यांनी कागद कापायला घेतले. पहिल्या पानाला खळ लावता लावता ते थांबले.

"सुजे, एक विचारू? खरा सांग. तुला आदी दिसला होता का?"

बाहेर कोंबड्या कुरकुरत होत्या. मी म्हटलं, "नाय, आप्पा."

त्यांनी मान हलवली. "मलाबी नाय दिसला," ते म्हणाले. "आख्ख्या घाटाचा रूळ आयकतो मी, आनि माझ्या ताटासमोर बसलेला पोरगा मला आयकू नाय आला. मला वाटायचं, तुला तरी दिसला असंल. तुला नाय दिसला म्हंजे कोनालाच दिसन्यासारखा नव्हता." मग त्यांनी खळीत बोटं बुडवली. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला होता. कागदाची दोन टोकं मी धरायची आणि त्यांनी मधून हात फिरवायचा, असे आम्ही बाराही महिने चिकटवले.

आप्पा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. निवृत्त झाले, म्हातारे झाले, शेवटी त्यांना ऐकूही येईनासं झालं. त्यांनी मला तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. माझ्या उत्तरावर ते टेकून बसले होते, ते मी कसं काढून घेणार, असं मी स्वतःला समजावत आले. खरं कारण वेगळं आहे. झेंडीचा त्यांचा नियम मला तोंडपाठ होता. ते गेल्यावर त्यांच्या पेटीत ती खाकी पिशवी सापडली, तिच्यात दोन्ही झेंड्या होत्या. हिरवी चांगली होती. लालला कडेनं गूळ लागून मुंग्यांनी भोकं पाडली होती.

दिसलं होतं, आप्पा. पहिल्याच दिवशी दिसलं होतं.